पहिला कप हौसाबाईला

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खोटं नाही ते. सुनेला दिवस गेल्याची बातमी तिच्या आईच्या आधी मी गल्लीत वाटली होती, आणि त्यावरून पोरगा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नव्हता. तर अशी मी. आणि तरीही एक गोष्ट — एकच — मी इतकी वर्षं पोटात ठेवली. नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा तेवढी बाजूला सारून जोडले. तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीचं माणूस लगेच म्हणतं, असू दे गं, होतं असं. ते मला ऐकायचं नाही.

पण एकदम नाही सांगता येणार. जरा मागून येऊ द्या मला.

मी मूळची पलूसकडची. घरचा ऊस, दोन भाऊ मिलिटरीत, आणि घरातली पहिली शिकलेली पोर मी — ती निघाली नर्स व्हायला! चुलते म्हणाले, लोकांचं हागणंमुतणं काढायला धाडताय व्हय पोरीला? वडील म्हणाले, व्हय. एवढंच म्हणाले आणि मोटेकडे गेले. ट्रेनिंग सांगलीला झालं. तिथल्या आमच्या वॉर्डाच्या सिस्टर म्हणजे साक्षात जमदग्नी. थर्मामीटर फुटला की चारचौघांत मुस्काटात. मग काय, थर्मामीटर फुटायचे थांबले? छे! फुटायचे तेवढेच फुटायचे, फक्त सापडायचे नाहीत. पाऱ्याचे गोळे आम्ही पायानं खाटेखाली सारायचो आणि तोंडाला पदर लावून हसायचो. पण माझ्याबरोबरच्या एका मुलीनं एका बाईला एकच इंजेक्शन दोनदा दिलं, आणि मुस्काटाच्या भीतीनं तोंड उघडलं नाही. ती बाई वाचली, तिचं दैव बळकट. तेव्हा मी मनाशी ठरवलं — कधी माझ्या हाताखाली चार माणसं आली, तर त्यांना चूक सांगायची भीती वाटता कामा नये.

चांगला विचार होता की नाही? होता. आजही मी म्हणेन, होता.

साठ साल उलटलं आणि थोड्याच दिवसांत मला मेढ्याजवळ काम मिळालं. एका संस्थेनं अंथरुणाला खिळलेल्या बायकांसाठी घर काढलं होतं. लकवा झालेल्या, मांडीचं हाड मोडलेल्या, संधिवातानं आखडलेल्या, आणि खरं सांगायचं तर घरच्यांना नकोशा झालेल्या. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. डॉक्टर साताऱ्याहून आठवड्यातून एकदा यायचे, बाकी सगळा कारभार माझ्याकडे. तिशी गाठली नव्हती मी, पण रुबाब असा की आमची काशीआजी मला 'फौजदारीण' म्हणायची. काशीआजीची डावी बाजू लकव्यानं पार गेलेली होती. जीभ मात्र देवानं शाबूत ठेवली होती, आणि ती तिचा पुरेपूर उपयोग करायची.

हाताखाली चार-पाच आया, स्वयंपाकाला शेवंताकाकू — आणि हौसाबाई.

हौसाबाईबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही, तेव्हा तुम्हीच मला थांबवा. खालच्या वाडीतली ती. छप्पन सालानंतर तिच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला होता. घरातले देव स्वतःच्या डोक्यावरून टोपलीतून नेऊन वेण्णा नदीत सोडले, हे ती अशा ऐटीत सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणही काहीतरी सोडून यावं. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगानं किरकोळ. आणि हात! आजारी माणसाला हात लावायचा तर तो तिनं. हौसाबाईनं म्हातारीची कूस बदलली तर ती झोपेतून जागी व्हायची नाही. तोंड मात्र सदा भांडणाचं. "आवं, अंग ढिलं सोडा की, तुमी काय माजी सासू हाय व्हय, एवढा ताठा करायला?" असं म्हणत ती पाठ पुसायची आणि ज्या बाईला चार दिवस हसू फुटलं नव्हतं ती खुदकन हसायची. काशीआजी तर तिच्याशिवाय घास गिळत नसे. मला हेवा वाटायचा का? थोडा वाटायचा. प्रेमही होतं हो, पुष्कळ होतं. दोन्ही होतं.

तर तिथं मी माझा विचार अमलात आणला. दुपारचं आवरलं की स्वयंपाकघरामागच्या पडवीत तरट अंथरायचं. सगळ्यांनी बसायचं. आज आपल्या हातून काय चुकलं ते प्रत्येकीनं सांगायचं. कुणी रागवायचं नाही, शिक्षा नाही, आणि इथलं बोलणं पडवीबाहेर जायचं नाही. जी पहिली बोलेल तिला चहाचा पहिला कप. गुळाचा चहा, आलं ठेचून घातलेला, आणि मेढ्याच्या त्या थंडीत पहिल्या कपाला काय मोल असतं ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. आणखी एक ठेवलं होतं — आज जिला पहिला कप मिळाला, तिनं उद्या सगळ्यांना चहा ओतून द्यायचा.

पहिल्या दिवशी कुणी ब्र काढेना. किटली निवायला लागली. मग मीच म्हटलं, सकाळी काशीआजीनं मागितलेलं भांडं मी मुद्दाम उशिरा दिलं, कारण ती मला फौजदारीण म्हणाली होती. आणि मग जो हशा उसळला! त्या दिवसापासून गाडी सुरू झाली. शेवंताकाकू तर पहिल्या कपाच्या लोभानं चुका बनवून सांगायची. एकदा म्हणाली, आमटीत मीठ घालायचं इसरले. सगळ्यांनी आमटी खाल्लेली होती, मीठ ठणठणीत होतं. तिला कप मिळाला नाही, उलट खोटी चूक सांगितली ही चूक म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी सांगावी असं ठरलं.

आणि ही एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शेवंताकाकू जावळीतली मराठ्याची विधवा. सोवळंओवळं हाडात भिनलेलं. हौसाबाईची चहा ओतायची पाळी आली तेव्हा काकूनं कप घेतला, "लय गरम हाय" म्हणून बाजूला गेली आणि रिकामा कप घेऊन परत आली. मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तरट अंथरायच्या आतच काकू बोलली. "काल हौसानं दिलेला च्या मी तुळशीत वतला. तुळस बिचारी काय बोलायची न्हाई. पर माजं चुकलं." असं म्हणून ती भुईकडे बघत बसली. मला वाटलं — आता काय होतं? हौसाबाई उठली, ओतणाऱ्या आयाच्या हातातून किटली घेतली, पहिला कप भरला आणि काकूच्या पुढ्यात धरला. "घ्या काकू. ह्यो तरी तुळशीला देऊ नगा. च्यानं तिला झोप येत न्हाई." काकू हसली आणि रडली, आणि तो चहा तिनं सगळ्यांच्या देखत घोट घोट प्याला. त्या दिवसापासून दोघी एका ताटलीत भाकरी मोडायच्या. आयुष्यात मी काही बरं केलं असेल तर ते एवढंच, असं मला अजून वाटतं.

आणि कामाला गुण आला. एखादी आया म्हातारीची कूस बदलायची विसरली तर दुपारी बोलून टाकायची, आणि चहा पिता पिता दुसरी उठून जाऊन ते करून यायची. आमच्याकडे कुणाच्या पाठीला जखम राहिना. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुम्ही यांना काय पाजता? मी म्हटलं, चहा. आणि मनातल्या मनात फुगले.

फुगले — हा शब्द बरोबर आहे. हवा डोक्यात गेली माझ्या. संस्थेच्या सेक्रेटरींनी पुण्या-सांगलीकडचे काही बडे पाहुणे आणायचं ठरवलं. त्यांना खाटा बघायच्या होत्या, बाग बघायची होती. मी काय म्हणावं? दुपारच्या चहाला थांबा, म्हटलं. आमच्याकडे माणसं आपली चूक कशी सांगतात ते बघा. पडवीतलं पडवीत राहील असा शब्द मी दिला होता, आणि मीच पाहुण्यांना पडवीत बसवायला निघाले. शेवंताकाकूनं आडून सुचवलं, "आवं सिस्टरबाई, घरातलं उष्टंखरकटं पावण्यांम्होरं कशाला मांडायचं?" मी हसण्यावारी नेलं. काकूला काय कळतंय, असं वाटलं मला.

आता त्या दिवशीची सकाळ.

पौषातली थंडी. अशा दिवसांत आम्ही म्हाताऱ्यांच्या पायाशी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या ठेवायचो. त्याचे नियम मीच घालून दिलेले होते. पाणी उकळतं घ्यायचं नाही. पिशवी फ्लॅनेलच्या खोळीत घालायची. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. आणि लकवा झालेल्या अंगाला तर टेकवायचीच नाही, कारण त्या अंगाला भाजलेलं कळत नाही. त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून सगळ्या खोळी मी धुवायला लावल्या होत्या, त्या ओल्या होत्या. हौसाबाईनं पहाटे पिशव्या भरल्या आणि जुन्या लुगड्याची फडकी गुंडाळून नीट ठेवल्या. दिवस वर आला तसं मी शेवटची फेरी मारत होते. काशीआजी म्हणाली, "फौजदारणी, पाय गार पडलं गं." एवढं म्हणून तिचा पुन्हा डोळा लागला, पुढचं तिनं काही बघितलं नाही. बघते तो पिशवी थंडगार, फडकं ओलं झालेलं. तेवढ्यात फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. मी फडकं सोडून टाकलं, ते खाटेखाली गेलं. पिशवी उचलली, बंबाची तोटी सोडून भरली, बूच आवळलं आणि तशीच उघडी घोंगडीखाली सारली. कुठल्या पायाशी? बघितलं नाही. मनगटाला लावली? नाही. डोक्यावरची टोपी सारखी करत मी फाटकाकडे धावले.

ही घ्या. झाली सांगून.

पण थांबा, मी जे लपवलं ते हे नव्हे. ही चूक झाली. अशा चुकांसाठीच तर ती पडवी होती, तो चहा होता. एवढंच असतं तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता?

पाहुण्यांना मी घर दाखवत होते, तेव्हा हौसाबाई काशीआजीचं अंग पुसायला गेली. पांघरूण काढलं तर डाव्या पोटरीला तळहाताएवढा फोड. पिशवी उघडी, आणि फडकं खाटेखाली. तिला वाटायचं तेच वाटलं. तिनं मलम लावलं, पट्टी बांधली, मला शोधत आली, पण मी पाहुण्यांच्या घोळक्यात. मी तिला हातानंच खुणावलं, नंतर. आणि मग सगळे पडवीत जमले. सेक्रेटरी खुर्चीवर, पाहुणे खुर्चीवर, आया तरटावर. मी दोन शब्द बोलले. फार छान बोलले असणार, कारण एका बाईंनी मान डोलावली. आणि कुणी तोंड उघडायच्या आत हौसाबाई उठून उभी राहिली. आमच्यात उभं राहून कुणी बोलत नसे.

"माज्या हातनं काशीआजीचा पाय भाजला," ती म्हणाली. "पिशवीला फडकं मी नीट बांदलं न्हाई. ते खाली पडलेलं घावलं मला. फोड आलाय एवढा. म्हातारीला कळलं बी न्हाई वो."

ती 'फडकं' म्हणाली तेव्हाच मला कळलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत. फडकं कुणी सोडलं, पिशवी कुणी भरली — सगळं डोळ्यांपुढे लख्ख. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझी पाळी होती. चार शब्द पुरले असते, "हौसाबाई, ती मी ठेवली." मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून काय आलं सांगू? मी म्हटलं, "शाबास, हौसाबाई. पहिला कप हौसाबाईला."

आणि माझ्या हातानं तो दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला. पाहुण्यांतल्या त्या बाईंनी डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, काय संस्कार केलेत हो तुम्ही यांच्यावर! मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

का केलं मी असं? नोकरी जाईल म्हणून? मला कुणी काढलं नसतं हो. सेक्रेटरी म्हणाले असते, होतं सिस्टर, घाई होती. डिप्लोमावाली, बागायतदाराची मुलगी — मला सगळ्यांनी सांभाळून घेतलं असतं. माझी फक्त त्या पाहुण्यांपुढे फजिती झाली असती, अर्ध्या तासाची. तेवढी मला सोसवली नाही. आणि वाटलं, इथं शिक्षा तर नाहीच आहे, मग हिचं काय बिघडतं? पाहुणे गेले की सांगू.

पाहुणे गेले. सेक्रेटरी मागे थांबले. मला बाजूला घेऊन म्हणाले, त्या बाईला उद्यापासून पेशंटजवळ ठेवू नका, मुळात त्या लोकांना आजाऱ्यांना हात लावायला घ्यायलाच नको होतं. बघा — अजून वेळ गेली नव्हती. त्या वेळी कोणी पाहुणे नव्हते, एकच माणूस होता समोर. आणि तो जे बोलला होता त्यावर संताप यायला हवा होता मला, एका किटलीतून सगळ्यांना चहा पाजणाऱ्या बाईला! मी म्हटलं, "बरं साहेब."

हौसाबाईला मी धुण्यावर घातली. मागच्या हौदावर, गार पाण्यात, आजाऱ्यांच्या चादरी. तिनं वाद घातला नाही. उलट संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "तुमी मला काडून टाकलं न्हाई, लय उपकार झालं सिस्टरबाई." मी काय म्हणाले ते आठवत नाही. काहीतरी म्हणाले असेन, मला बोलायची सवय आहे.

काशीआजीचा पाय बरा झाला. उशीर लागला, पण कातडी धरली. म्हातारी मात्र जेवणाच्या वेळी हौसाबाईच्या नावानं हाका मारायची. मला दया आली — बघा हं, दया! — म्हणून मी हौसाबाईला म्हटलं, सेक्रेटरी काही इथं राहत नाहीत, तू आत येऊन तिला भरवत जा. ती खिडकीपर्यंत आली, आत आली नाही. "नगं सिस्टरबाई. पुन्यांदा काय झालं तर? माजं हात आता पैल्यासारखं न्हाईत." तेव्हा मी तिला खरं सांगायला हवं होतं की नाही? तुम्हीच बोला. तिचे हात जसेच्या तसे होते. जगात हे ठाऊक असलेली मी एकटी होते.

आणि पडवी? तिथलं तरट रोज अंथरलं जायचं. पण हौसाबाईचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी शेवंताकाकू म्हणाली, "आज माजं काय चुकलं न्हाई." दुसरी म्हणाली, माजं बी न्हाई. पहिला कप कुणी घेईना, किटलीतच निवत राहिला. मग हळूहळू पुन्हा बोलायला लागल्या, पण काय? ताटली फुटली, केर राहिला, दूध उतू गेलं. उन्हाळ्यात एका बाईच्या कमरेला जखम झालेली मला वासावरून कळली. वरून पावडर मारून झाकलेली होती. मी त्या आयाला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती नुसती बघत राहिली माझ्याकडे. सांगलीच्या वॉर्डात मी तशीच उभी राहायचे, सिस्टरपुढे.

शेवंताकाकू हौसाबाईची भाकरी हौदावर नेऊन द्यायची आणि दोघी तिथंच बसून जेवायच्या. मला कुणी बोलावत नसे, आणि मीही जात नसे.

अजून एक आहे. हे सांगायला जीभ सर्वांत जड होते, कारण याला घाई नव्हती, हॉर्न नव्हता. त्या पाहुण्यांनी माझं नाव केलं. मला सांगलीला नोकरी मिळाली, वरची. नव्या मुलींना शिकवायचं काम आलं. माणसं कशी सांभाळावीत, हाताखालच्यांना धीर कसा द्यावा, हे मी शिकवायची. आणि उदाहरण कुठलं द्यायची? एका आयानं बड्या पाहुण्यांपुढे उभं राहून आपली चूक कशी कबूल केली! एखाद्या पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यातल्या बऱ्याच जणी पुढे चांगल्या निघाल्या, माणसांना जपणाऱ्या निघाल्या. ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की कधी कधी ती सांगताना मला स्वतःलाच हौसाबाईचा अभिमान वाटायचा. पुढचं, धुण्याचं, मी कधी सांगितलं नाही.

हौसाबाई आता नाही. गेली, खूप वर्षं झाली. पण त्याआधी, त्याच दशकाच्या शेवटी, ती मला सांगलीत भेटली. तिचा मुलगा हळदीच्या वखारीत कामाला लागला होता, म्हणून ते सगळे तिकडे राहायला आले होते. लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली आणि आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली. मला बघून हौसाबाईनं कडकडून मिठी मारली. दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत! "आमची सिस्टरबाई" म्हणून साऱ्या वॉर्डाला ओळख करून दिली. सुमन घरी गेल्यावर मी बाळाला अंगडं-टोपडं घेऊन बघायला गेले.

खोलीत बाळ रडत होतं. शेजारची बाई रोज त्याला न्हाऊ घालायची, ती त्या दिवशी आली नव्हती. पाणी तापून बसलं होतं. सुमन आईवर वैतागली होती. आई, तू का नाही घालत गं, सगळ्यांच्या आया घालतात. हौसाबाई उंबऱ्यापाशी उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. "गरम पाण्यापाशी मी जात न्हाई, बाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, जणू मला ठाऊकच नाही अशी, सरळ सांगायला लागली, "ह्या हातानं एक म्हातारी भाजलीया. मी लपवत न्हाई, आल्यागेल्याला सांगते. तुमीच शिकिवलं न्हवं आमाला, चूक सांगावी म्हणून."

त्या खोलीत आम्ही तिघी आणि एक तान्हं पोर. सेक्रेटरी नव्हते, पाहुणे नव्हते, माझी इभ्रत जाईल असं कुणी नव्हतं. आणि समोर नातवाला पायावर घ्यायला आसुसलेली बाई.

मी पदर खोचला. पाटावर बसले, पाय लांब केले, बाळाला पायांवर घेतलं. पाण्यात विसण घातलं, कोपर बुडवून बघितलं आणि हळूहळू तांब्यानं ओतायला लागले. बाळ रडायचं थांबलं. हौसाबाई उंबऱ्यातूनच बघत होती. तिच्या तोंडावर माझं कौतुक मावत नव्हतं. ती सुमनला म्हणाली, "बग गं, आसा हात पायजे. ह्या हातानं कवा कुणाला इजा झाली न्हाई."

मी बाळाला पंच्यात गुंडाळलं, आणि तिच्याकडे न बघता म्हटलं, "सवय आहे मला."